गेममधला एखादाच प्राणी लोकांचा लाडका का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तिघे मित्र मिळून प्राणी पकडायचा-पाळायचा गेम बनवताय. चाळीस प्राणी तयार आहेत. खेळून बघणारे ‘ग्राफिक्स भारी आहेत’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना एकाही प्राण्याचं नाव आठवत नाही. पोकेमॉनमध्ये हजारावर प्राणी असताना पिकाचू, चारिझार्ड, ईव्ही, ग्रेनिन्जा अशी मोजकीच नावं सगळ्यांच्या तोंडी का, प्राणी गोंडस ठेवावा की रुबाबदार, आणि गेमचा मॅस्कॉट, म्हणजे त्याची ओळख ठरणारा प्राणी, आधीच ठरवून टाकावा का, एवढं तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं गेमसाठी प्राणी काढायचंच काम करते, तेव्हा मी चित्राचीच बाजू घेईन असं तुम्हाला वाटत असेल. पण माझं मत उलटं आहे. चित्रामुळे प्राणी ओळखू येतो, इतकंच. लाडका होतो तो त्याच्यात ठेवलेल्या एखाद्या उणिवेमुळे, आणि त्या उणिवेपायी खेळणाऱ्याला जे काही करावं लागतं त्यामुळे.

याचा पुरावा पोकेमॉनच्याच घरात आहे. पिकाचू धो धो चालला म्हटल्यावर त्यांनी गेमच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक पिढीत त्याच्याच वळणाचा एखादा छोटा, गुबऱ्या गालांचा, विजेचा प्राणी आणला. 2002 मध्ये प्लसल आणि मायनन, 2006 मध्ये पाचिरिसू, 2010 मध्ये इमोल्गा, 2013 मध्ये डेडेने, 2016 मध्ये टोगेडेमारू, 2019 मध्ये मोरपेको, 2022 मध्ये पॉमी. गाल तसेच, चण तशीच, टाइप (आग, पाणी, वीज असा गट) तोच, आणि काढणारे कलाकारही कसलेले. पिकाचूची गादी मात्र यांच्यातल्या कुणालाच मिळाली नाही. रूपाचा फॉर्म्युला असता तर एव्हाना आठ पिकाचू झाले असते.

या यादीतला पाचिरिसू मात्र एकदा जगभर गाजला, आणि तो कशामुळे गाजला ते बघा. 2014 च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन डी.सी.ला पोकेमॉनची जागतिक स्पर्धा झाली. दोन-दोन प्राण्यांच्या लढती. समोरचे खेळाडू तगडे तगडे प्राणी घेऊन आलेले आणि दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कच्या संघात ही पांढरी-निळी खार! तिला मारामारी करायचीच नव्हती. ‘फॉलो मी’ ही चाल टाकली की समोरच्याचे वार जोडीदाराला सोडून तिच्या अंगावर येतात. ती वार झेलायची आणि तेवढ्यात शेजारचा गॅराडॉस आपला कार्यभाग उरकून घ्यायचा. पार्क जगज्जेता झाला, आणि प्रेक्षक ओरडत होते ते खारीसाठी. आठ वर्षं खारीचं रूप तेच होतं. दुसऱ्यासाठी मार खाताना तिला लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता मूळ पिकाचूकडे येऊ. तो अत्सुको निशिदा यांनी काढला. सुरुवात दाइफुकू या जपानी मिठाईच्या आकारापासून झाली, म्हणजे तांदळाच्या पिठाचा मऊ गोळा आणि त्यावर दोन कान. त्या काळात निशिदांना खारींचं वेड होतं. खार गालात खाणं साठवते, म्हणून यानं गालात वीज साठवायची. त्याचे ते लाल गाल नुसते गोड दिसायला नाहीत, तिथे वीज भरलेली आहे. अंगावरच्या प्रत्येक खुणेला काही काम असावं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा, आणि तो इथे इतक्या सहज पाळलाय की लक्षातही येत नाही. वाढल्यावर पिकाचूचा राईचू होतो, आणि मुळात तर राईचूच्याही पुढचं, शिंगं-सुळे असलेलं एक तिसरं रूप ठरलं होतं. ते गळालं.

पण 27 फेब्रुवारी 1996 ला जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले पोकेमॉन गेम बाजारात आले तेव्हा पिकाचू 151 मधला एक होता, बस. गेममधल्या व्हिरिडियनच्या जंगलात क्वचित भेटायचा, त्यामुळे ज्याला मिळाला तो मिरवायचा. त्याच सुमाराला सुरू झालेल्या एका गमतीदार मांगामध्ये (जपानी चित्रकथेत) तर नायकाचा जोडीदार क्लेफेरी हा दुसराच पोकेमॉन होता. चित्र पालटलं ते एप्रिल 1997 मध्ये टीव्हीची मालिका सुरू झाली तेव्हा. पहिल्याच भागात हा पठ्ठ्या पोकेमॉन ठेवायच्या बॉलमध्ये जायला नकार देतो, मालिकेचा नायक ॲश याचं ऐकत नाही, वर त्यालाच शॉक देतो. मग स्पिअरो या पक्ष्यांचा थवा अंगावर येतो तेव्हा ॲश स्वतः आडवा येतो आणि तिथून दोघांचं जमतं. पिकाचूचं नशीब त्या नकाराने उघडलं, असं मी ठामपणे म्हणेन.

गेम बनवणाऱ्यांनी हे लगेच हेरलं. 1998 च्या ‘यलो’ या गेममध्ये पिकाचू बॉलबाहेर, तुमच्या मागे मागे चालतो. वळून त्याच्याशी बोललात की त्याचा चेहरा मोठा होऊन दिसतो: कधी खूश, कधी फुरंगटलेला, कधी साफ तोंड फिरवलेलं. लढाईत सारखं बेशुद्ध पडू दिलंत तर रुसतो. राईचू करायला थंडरस्टोन पुढे केलात तर घेतच नाही. हिशेबाने पाहिलं तर हा तोटाच, कारण राईचू जास्त ताकदीचा. गेमने खेळणाऱ्याच्या गळ्यात मुद्दाम कमजोर प्राणी बांधला आणि लोकांनी तो हौसेनं वागवला. तुमच्या चाळीसपैकी असा एकही आहे का, ज्याच्यासाठी खेळणाऱ्याला थोडं नुकसान सोसावं लागतं?

उणीव म्हणजे काय ते याहून स्वच्छ बघायचं असेल तर मॅजिकार्प बघा. पहिल्या गेममध्ये माउंट मून डोंगराच्या अलीकडच्या पोकेमॉन सेंटरमध्ये एक विक्रेता हा मासा 500 ला गळ्यात मारतो. घेतल्यावर कळतं की त्याला एकच चाल येते, स्प्लॅश, आणि तिने काहीही होत नाही. खरोखर काहीही नाही. पडद्यावर तसं लिहूनच येतं. लेव्हल 15 ला कुठे एक साधी धडक शिकतो. तोवर त्याला वाढवायचं कसं? लढाईत आधी त्याला पुढे पाठवायचं, लगेच मागे घ्यायचं, दुसऱ्याने लढायचं आणि अनुभवाचे गुण दोघांनी वाटून घ्यायचे. हा उद्योग न कंटाळता करत राहिलात तर लेव्हल 20 ला त्याचा गॅराडॉस होतो, आणि तो पहिल्यांदा पडद्यावर उलगडतो तेव्हा पोरं घरभर नाचतात. मागे चिनी आख्यायिका आहे, धबधबा चढून जाणारा कार्प मासा ड्रॅगन होतो अशी. पण ती माहीत नसलेल्याचंही काही अडत नाही, कारण ते चढणं त्याने बटणं दाबून स्वतः केलेलं असतं.

पोकेमॉन गो या फोन घेऊन बाहेर फिरत खेळायच्या गेममध्ये हीच कल्पना पायांवर आणली. तिथे मॅजिकार्पचा गॅराडॉस करायला 400 कँडी लागतात, आणि त्या मुख्यतः मॅजिकार्प पकडत राहूनच मिळतात. हा गेम आपल्याकडे रीतसर आला डिसेंबर 2016 मध्ये, जिओबरोबर. त्याच्या आधीच जुलैपासून पुण्या-मुंबईत लोक बाहेरून फाइल उतरवून खेळत होते, रात्री तळ्याकाठी, समुद्रकाठी फोन धरून फिरत होते. पाण्याजवळ मॅजिकार्प जास्त मिळायचे ना! तेव्हाचा गॅराडॉस अजून जपून ठेवलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. त्याहून ताकदीचे प्राणी त्यांच्याकडे पुढे कितीतरी आले, पण मित्रांना दाखवायला उघडतात तो गॅराडॉसच.

नुसता दुबळा प्राणी ठेवला की काम झालं, असं मात्र समजू नका. दुबळेपणातून खेळणाऱ्याला काही करता यायला हवं. 2006 चा बिडूफ घ्या. बावळट चेहऱ्याचा, मोठ्या दातांचा, लढाईत सुमार. पण झाडं तोडणं, दगड फोडणं, पाण्यावरून पलीकडे नेणं अशी वाटेतली हमालीची कामं तो आणि त्याचं पुढचं रूप बिबारेल बिनतक्रार करतात, म्हणून जो तो त्यांना बरोबर बाळगायचा. आधी त्याची टिंगल झाली, टिंगलीतूनच माया लागली, आणि शेवटी कंपनीने 1 जुलै 2021 हा दिवस ‘बिडूफ डे’ म्हणून साजरा केला. अशी लोकप्रियता कुणी कागदावर आखून आणू शकत नाही. पण त्या प्राण्याला रोज हाताशी लागणारं काम द्यायचं, एवढं आपल्या हातात असतं.

मिमिक्यू हे मला आमच्या धंद्यातलं गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात नेटकं काम वाटतं. 2016 चा. खाली नेमकं काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. वर एक मळकं फडकं, त्यावर वेड्यावाकड्या हाताने काढलेला पिकाचूचा चेहरा. पोकेडेक्सच्या, म्हणजे गेममधल्या प्राणीकोशाच्या, नोंदीत लिहिलंय की पिकाचूवर सगळे माया करतात म्हणून हा त्याचं सोंग घेतो, प्रत्यक्षात फार एकटा आहे. लढाईत त्याच्यावरचा पहिला वार ते सोंग झेलतं, 2016 च्या गेममध्ये तर त्याला काही लागतच नसे. पण त्या वाराबरोबर फडक्याचं डोकं मोडतं आणि एका बाजूला लटकतं, आणि उरलेली सगळी लढाई तो तशा लटकत्या डोक्याने लढतो. कलाकाराने फडकं दिलं, लिहिणाऱ्याने दोन ओळी दिल्या, नियम बसवणाऱ्याने एक वार फुकट दिला, ॲनिमेशनवाल्याने मान वाकडी केली, आणि चौघांनी एकच गोष्ट सांगितली. तुमच्या टीमची यावर एकदा बैठक घ्या. बहुतेक ठिकाणी चित्र एक सांगतं, आकडे दुसरंच सांगतात आणि माहितीची ओळ कुणीतरी शेवटच्या रात्री लिहिलेली असते.

ईव्हीची उणीव वेगळ्या जातीची आहे: तिचं अजून काही ठरलेलंच नाही. 1996 ला तिची तीन रूपं होती, 2013 पर्यंत आठ झाली. पहिल्या गेममध्ये सेलाडन गावातल्या एका इमारतीच्या वरच्या खोलीत एकच ईव्ही ठेवलेली असायची. पाणी, वीज की आग, एकदा दगड वापरला की माघार नाही. शाळेतल्या मुलांनी मधल्या सुट्टीत यावर भांडावं म्हणूनच जणू हे केलंय. शिवाय, अमुक टाइपची ईव्ही कशी दिसेल याची स्वतःची चित्रं लोक आजही काढतात. फॅन मंडळींना हात घालायला जागा उरली आहे.

आता रूपाकडे येते. ते दुय्यम आहे म्हणजे ढिसाळ चालेल असा अर्थ नाही. गेम बॉयच्या पडद्यावर चार छटा आणि समोरून दिसणाऱ्या पोकेमॉनला फार तर 56 बाय 56 पिक्सेल. या अडचणीने कलाकारांचं भलंच केलं. बारकाव्यांना जागाच नाही, म्हणून बाहेरची रेघच बोलकी करावी लागली. टीव्हीवर जाहिरातींच्या आगेमागे नुसती काळी आकृती दाखवून ‘हा पोकेमॉन कोण?’ विचारायचे ते आठवतंय? आम्ही स्टुडिओत करतो ती परीक्षा हीच. प्राणी पूर्ण काळा भरायचा, अंगठ्याएवढा करायचा आणि ओळखू येतो का बघायचं. 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधल्या स्लाइमचं उदाहरण देते. गेमचे कर्ते युजी होरी यांनी चिखलाच्या ढिगासारखं काहीतरी रेखाटून दिलं होतं. चित्रकार अकिरा तोरियामा यांनी त्याचा थेंब केला, दोन टपोरे डोळे आणि हसरं तोंड दिलं. झालं. सगळ्या गेममधला सगळ्यात क्षुद्र शत्रू, आणि तोच पुढे त्या मालिकेची ओळख होऊन बसला.

दुसरी परीक्षा जास्त कडक आहे. गेम खेळवून झाला की दुसऱ्या दिवशी मुलांना कोरा कागद द्यायचा आणि आठवणीतून काढायला लावायचं. आमच्या एका गेममध्ये जंगलाचा राजा म्हणून एक भव्य प्राणी होता. शिंगांवर वेली, पाठीवर शेवाळ, गळ्यात माळा, खुरांना सोनेरी नक्षी. सगळ्यांनी त्याची वाहवा केली होती. कागदावर मात्र उतरला शिंगवाला घोडा, आणि तोही दोघा-तिघांच्याच. त्याच गेममध्ये पाठीवर गळकं मडकं असलेलं एक कासव होतं. चार पावलं चाललं की पाणी सांडायचं, ते थांबायचं, मान वळवून ओल्या जमिनीकडे बघायचं आणि परत चालू लागायचं. ते बहुतेक सगळ्यांनी काढलं. एका मुलीने तर मडक्याच्या चिरेला पट्टी चिकटवलेली दाखवली. पट्टी आमच्या चित्रात नव्हतीच. ती बघून आमच्या डिझायनरने पुढच्या आवृत्तीत मडक्याला लावायला चिकणमाती ठेवली, आणि लोक मुख्य काम सोडून ती शोधत हिंडायला लागले.

नवखे कलाकार ‘भारतीय प्राणी’ काढायला बसले की वाघाचं तोंड, मोराचा पिसारा, हत्तीची सोंड, वर कमळ असं रचत जातात. आपल्या गडांच्या दरवाज्यांवरची शरभशिल्पं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची शिल्पं, त्यांनी थांबून बघावीत. तोही जोडाजोडीचाच प्राणी. पण पाथरवटाने शरीर अगदी मोजक्या रेषांत ठेवलंय आणि कितीतरी ठिकाणी पंजात, पायाखाली, शेपटीत हत्ती पकडलेले दाखवलेत. वाघाएवढ्या अंगाच्या प्राण्याने उंदरासारखे हत्ती धरलेत म्हटल्यावर त्याची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. तो काय करतोय ते दिसतं, आणि ते डोक्यात राहतं.

गोंडस की रुबाबदार? प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी 1943 मध्ये मांडलं की मोठं डोकं, मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय अशी बाळासारखी ठेवण बघितली की माणसाला आपोआप माया वाटते. हे खरंच आहे आणि सगळे वापरतात. पण ते पहिल्या नजरेपुरतं. 2020 मध्ये जगभर मतदान घेऊन ‘पोकेमॉन ऑफ द इयर’ निवडला तेव्हा 1,40,559 मतं घेऊन ग्रेनिन्जा पहिला आला. त्यामागे लुकारियो, मिमिक्यू, चारिझार्ड आणि अंब्रियॉन. पहिल्या दहांत पिकाचू नाही! जपानमध्ये 2016 ला घेतलेल्या मतदानातही ग्रेनिन्जाच पहिला होता. मतं देणारी मंडळी मोठी झालेली, अट्टल फॅन असतात. बाहुली घेऊन झोपणारं पोर मत द्यायला जात नाही. म्हणून ‘लोकप्रिय’ म्हणजे कुणात लोकप्रिय, ते आधी ठरवा. खेळणं विकायचंय, की रात्र रात्र खेळणारा खेळाडू टिकवायचाय?

ग्रेनिन्जा माझ्या उणिवेच्या म्हणण्यात फारसा बसत नाही, हे कबूल. तो सरळ रुबाबाचा प्राणी आहे: निन्जा बेडूक, स्वतःची लांब जीभ मफलरसारखी गळ्यात गुंडाळलेला, पाण्याची चांदणीच्या आकाराची पाती फेकणारा. पण त्याचं वागणं रूपाशी पक्कं जुळतं. त्याला प्रोटियन ही क्षमता मिळते, आणि 2022 च्या आधीच्या गेममध्ये तो जी चाल टाकेल त्या टाइपचा स्वतः व्हायचा. म्हणजे प्रत्येक चालीला सोंग बदललं, निन्जाला शोभेल असंच. स्पर्धा खेळणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. वर 2013 चा गेम, मग मालिकेत ॲशचा सगळ्यात जिगरी लढवय्या, 2014 मध्ये ‘स्मॅश ब्रदर्स’ या मारामारीच्या गेममध्ये जागा. इतक्या ठिकाणी चेहरा दिसला की अर्धं काम प्रसिद्धीच करते. फॅन मंडळींना हे ऐकायला आवडत नाही.

चारिझार्डचंही तसंच काहीसं. लोकांना आठवतो तो आग ओकणारा उडता ड्रॅगन, ज्याला मूळ रूपात गेमने ड्रॅगन टाइप दिलाच नाही, यावरून आजही वाद झडतात. पण त्याची मुळं चारमँडर या त्याच्या बालरूपाच्या शेपटीवरच्या ज्योतीत आहेत. ती विझली तर तो मरतो, असं पोकेडेक्सच सांगतं. मालिकेत पावसात दगडावर बसून, टाकून गेलेल्या मालकाची वाट बघणारा चारमँडर ज्यांनी लहानपणी पाहिला, त्यांच्यासाठी पुढचा उद्धट, ॲशचं न ऐकणारा चारिझार्ड वेगळाच असतो. आपल्याकडे तर हाच रस्ता मोठा होता. गेम बॉय कितीशा घरांत होता? बहुतेकांनी पोकेमॉन पाहिला तो कार्टून नेटवर्कवर, हिंदीत, आणि हाताळला तो शाळेबाहेरच्या दुकानातल्या नकली पत्त्यांवर. म्हणून माझ्या पिढीच्या मराठी फॅनला लाडका विचाराल तर ॲशच्या टोळीतलाच एखादा सांगेल. गेमच्या आकड्यांमध्ये कोण सरस, हे त्याच्या गावीही नसतं.

रूपाने एकदा दिलेला शब्द मोडला तर लोक चिडतात, हेही लक्षात ठेवा. 2016 मध्ये लिटन हे मांजराचं पिल्लू सगळ्यांना आवडलं आणि त्याचा शेवटी दोन पायांवर उभा राहणारा कुस्तीगीर, इन्सिनरोर, झाला. म्हणून 2022 च्या फेब्रुवारीत स्प्रिगाटिटो हे नवं मांजर दाखवल्याबरोबर लोक हात जोडायला लागले, ‘बाबांनो, याला दोन पायांवर उभं करू नका.’ शेवटी तेही उभं राहिलंच. उभं राहिल्यावरही दोघांना चाहते मिळाले, मोठ्या संख्येने मिळाले, पण ते बरेचसे वेगळे लोक होते.

शत्रूही लाडके होतात, फक्त त्यांची उणीव जरा विनोदी लागते. 1980 च्या पॅक-मॅनमधली चार भुतं एकाच आकाराची, रंग तेवढे वेगळे. पण गेमचे कर्ते तोरू इवातानी यांनी प्रत्येकाला स्वतंत्र चाल दिली. तांबडं सरळ मागे लागतं, गुलाबी तुमच्या पुढची जागा गाठायला बघतं, आणि नारिंगी क्लाइड जवळ आला की अचानक आपल्या कोपऱ्याकडे पळ काढतो. ते भित्रं भूत खेळणाऱ्यांना बरोबर आठवतं. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममधला क्रीपर हा शत्रू तर अपघाताने जन्मला: डुकराचं मॉडेल करताना लांबी आणि उंचीचे आकडे उलटे पडले आणि हा बिनहातांचा खांब उभा राहिला. तो आवाज न करता मागून येतो, फुस्स करतो, आणि दीड सेकंदात स्वतःसकट तुमचं घर उडवतो. मांजराला मात्र घाबरतो. त्याचा चेहरा चौकटीच्या वहीत कुणीही पेन्सिलीने भरू शकतं, म्हणून तो जगभरच्या वह्यांवर आहे.

आवाजाकडे नवे लोक सपशेल दुर्लक्ष करतात. पहिल्या गेममध्ये 151 जणांचे आवाज मोजक्या 38 मूळ आवाजांची पट्टी आणि लांबी बदलून काढले होते, तरी जुना खेळाडू नुसत्या किरकिरीवरून प्राणी ओळखतो. पिकाचूला इकुए ओतानी यांचा आवाज नसता तर त्याचं इतकं झालं नसतं. तुमच्याकडे पैसे कमी असतील तर चित्रातला एक बारकावा कमी करा आणि तो खर्च आवाजावर टाका. नावाचं एवढंच सांगते: घाईत ओरडून हाक मारता आली पाहिजे. संस्कृत शब्दकोशातून उचललेली पाच अक्षरी नावं पोरं पहिल्याच दिवशी मोडून अर्धी करतात.

आता तुमच्या चाळीस प्राण्यांचं काय करायचं? सगळे सारखे घोटू नका. पाच-सहा निवडा, आणि प्रत्येकापुढे लिहा: याला काय जमत नाही, आणि त्यामुळे खेळणाऱ्याला काय करावं लागतं. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो प्राणी बाजूला ठेवा. लढाईबाहेर त्याला निदान एक सवय द्या, जिचा खेळाला काडीचा उपयोग नाही. 2016 च्या ‘द लास्ट गार्डियन’मध्ये गेमचे कर्ते फुमितो उएदा यांनी ट्रिको या अवाढव्य सोबती प्राण्याला हाक मारली तरी तो लगेच येत नाही असं ठेवलं. अर्ध्या लोकांनी नियंत्रण खराब आहे म्हणून डोकं धरलं, बाकीच्यांना तो खरा प्राणी वाटला. अशी थोडी नाराजी पत्करायची तयारी ठेवा. उरलेले तीस-पस्तीस साधे राहू द्या. गर्दी असल्याशिवाय त्यातून कुणी निवडून घेतल्याचं समाधान मिळत नाही. त्यातलाही एखादा तुम्हाला न विचारता वर येईल. 2019 मध्ये ‘स्वॉर्ड’ आणि ‘शील्ड’ या नव्या पोकेमॉन गेममध्ये सगळे जुने पोकेमॉन आणता येणार नाहीत असं जाहीर झालं तेव्हा जो गदारोळ झाला, त्यात ज्यांची नावं यादीत कायम तळाला असतात अशा प्राण्यांसाठीही लोक भांडत होते.

मॅस्कॉट आधी ठरवू नका. पिकाचूही आधी ठरलेला नव्हता, वर सांगितलंच. पहिली आवृत्ती बाहेर काढा आणि तीन गोष्टींवर नजर ठेवा: लोक कुणाला टोपणनाव देतात, कुणाची चित्रं काढतात, आणि ताकदीचा प्राणी हाताशी आल्यावरही कुणाला संघातून काढत नाहीत. तिसरी सगळ्यात भरवशाची, कारण ती गेमच्या नोंदीत आपोआप सापडते आणि खेळणारा तिथे तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही करत नसतो. ही नोंद ठेवायची सोय मात्र पहिल्या आवृत्तीतच घाला. आयकॉन आणि टी-शर्ट त्या यादीकडे बघून करा, आणि तोवर आयकॉनवर तुमच्या गेमचं नुसतं नाव राहू दे.